अंजनेरीला गिधाडं बघत बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचलं : एका दिवसाच्या सहलीचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच, पण ज्यांना फक्त जायचं की नाही एवढंच विचारायचंय त्यांना माझं उत्तर : जा, आणि थंडी आहे तोवर जा.

सहल कसली ते आधी सांगते. डिसेंबरमध्ये आमच्या चर्चच्या नोटीस बोर्डवर एक झेरॉक्स लागली होती, "पवित्र शास्त्रातले वनपशू आणि पाखरं, वाचन आणि प्रत्यक्ष दर्शन, अंजनेरी, माणशी 700 रुपये, चहा नाश्ता जेवण धरून." आयोजक म्हणजे ट्रॅव्हल कंपनी वगैरे नाही, चार-पाच जणांचा छोटा ग्रुप आहे, त्यात एक रिटायर्ड शिक्षक काका आहेत ज्यांनी थोडं हिब्रू शिकून घेतलंय, आणि अंजनेरी बाजूचाच एक तरुण दादा आहे जो पक्षी दाखवायला बरोबर असतो. मी 14 वर्षं संडे स्कूलला शिकवते, नोहाचं तारू, योनाचा मासा, दानीएलाचे सिंह हे सगळं मुलांना फ्लॅनेलच्या बोर्डवर चित्रं चिकटवून सांगून झालंय, म्हटलं बघू तरी काय नवीन मिळतं.

पहाटे पावणेसहाला नाशिकच्या शरणपूर रोडवरून गाडी निघणार होती, निघाली साडेसहाला. हे बरोबर नाही. थंडीत छोटी मुलं आणि म्हातारी माणसं रस्त्यावर उभी होती. पण त्र्यंबक रोडला लागल्यावर काकांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की गाडीतली कुरकुर थांबली. म्हणाले, "फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा, हा आशीर्वाद देवाने पहिल्यांदा कुणाला दिला?" सगळ्यांनी एका सुरात आदाम-हव्वा म्हटलं. काका म्हणाले उत्पत्ती पहिला अध्याय काढा, पाचवा दिवस. आणि खरंच की, माणूस अजून घडवलेलाच नाही, त्याच्या आदल्या दिवशी समुद्रातल्या जीवांना आणि पाखरांना तो आशीर्वाद देऊन झालाय. माणसाला नंतर मिळाला. मी हा अध्याय किती वेळा शिकवला असेल, माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

अंजनेरी नाशिकपासून साधारण 20 किलोमीटर, हनुमानाचं जन्मस्थान म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेला डोंगर, वर अंजनीमातेचं मंदिर आहे, पण तो 2017 पासून संवर्धन राखीव क्षेत्रही आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. आम्ही वरपर्यंत चढलोच नाही. पायऱ्या सुरू होतात त्याच्या बरंच अलीकडे, कडा समोर दिसेल अशा जागी दादाने सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं आता फक्त वाट बघायची.

आणि मग काहीच नाही. तासभर काहीच नाही. कड्यावर पांढरे ओघळ दिसत होते, चुना सांडल्यासारखे, दादा म्हणाला ती विष्ठा आहे, वर्षानुवर्षं त्याच कपारींमध्ये गिधाडं बसतात त्यामुळे दगड पांढरा पडलाय. दुर्बिणीतून बघितलं तर त्या ओघळांच्या वर खरंच मातकट रंगाची गाठोडी दिसली, मान खांद्यात घातलेली. लांब चोचीची गिधाडं. मुलं कंटाळली. एका काकूंनी तर स्पष्टच विचारलं की ही उडणार आहेत की नाही. दादा म्हणाला, "ताई, दगड तापल्याशिवाय ती उठत नाहीत. एवढं सहा किलोचं अंग, नुसते पंख मारून वर न्यायचं म्हटलं तर दमून जातील. ऊन पडलं की गरम हवा वर चढते, तिच्यावर ती बसतात."

साडेनऊच्या पुढेमागे पहिलं उठलं. उठलं म्हणजे उडी मारली असं काही नाही, कपारीच्या काठावर आलं, पंख उघडले आणि नुसतं हवेत टेकलं. खाली पडेल असं वाटलं आणि तेवढ्यात ते वर जायला लागलं, एक पंख न हलवता, गोल गोल. पंखांचा पसारा सात फुटांच्या आसपास, टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली, ती बोटं एकेकटी थरथरताना दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होती. मग दुसरं, मग एकदम तीन. दहा मिनिटांत सगळी आमच्या डोक्याच्या कितीतरी वर, आणि माझी मान दुखायला लागली तरी मला खाली बघवेना.

तेव्हा काकांनी यशयाचा 40 वा अध्याय काढला, शेवटचं वचन. आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरात हे वचन कॅलेंडरवर नाहीतर फ्रेममध्ये आहे, परमेश्वराची आशा धरून राहणारे नवी शक्ती मिळवतील आणि गरुडांसारखे पंखांनी वर जातील. काका म्हणाले इथे मूळ हिब्रू शब्द आहे "नेशेर", आणि अरबीतला "नस्र" हा त्याचा भाऊ. त्या देशातल्या लोकांनी डोंगरकड्यांवर जो मोठा पक्षी बघितला होता तो प्रामुख्याने ग्रिफन गिधाड, आपल्या ह्या गिधाडाचाच जवळचा नातलग, दोघांची प्रजाती (जीनस) जिप्स. पुरावा काय, तर मीखाच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी शोक करणाऱ्यांना सांगितलंय की नेशेरसारखं टक्कल कर. गरुडाला टक्कल असतं का? डोकं आणि मान पिसांशिवाय असते ती गिधाडाची. काका हेही म्हणाले की हा शब्द जुन्या काळी मोठ्या शिकारी पाखरांना मिळून वापरत असावेत, तेव्हा गरुड म्हणणं सरसकट चूक नाही, पण ह्या वचनाच्या मागे उभा आहे तो बहुतेक हा समोरचा.

मी गप्पच झाले. कारण मी इतका वेळ त्यांना वाट बघताना बघितलं होतं. आशा धरून राहणारे. ह्या वचनात वाट बघणं आणि वर जाणं एकत्र का आहे हे मला कोणत्याच उपदेशातून असं समजलं नव्हतं, मी आजवर ते जोर लावण्याचं वचन समजत होते, गरुड म्हणजे ताकद, झेप, विजय. आणि समोरचा पक्षी तर जोर लावतच नव्हता. तो वारा येईपर्यंत बसून राहिला आणि वारा आल्यावर त्याच्यावर टेकला.

त्यानंतर लेवीय 11 वाचला. खाऊ नका म्हणून सांगितलेल्या पाखरांची यादी आहे तिथे, त्यात पहिलंच नाव नेशेर. अशुद्ध पाखरांत पहिला नंबर. आणि निर्गमच्या 19 व्या अध्यायात तोच देव इस्राएल लोकांना म्हणतो की मी तुम्हाला नेशेरच्या पंखांवर उचलून माझ्याकडे आणलं. म्हणजे ज्याला ताटात घेऊ नका म्हणाला त्याचेच पंख स्वतःसाठी वापरले. ह्यावर गटात बराच वेळ बोलणं झालं, एक आजोबा म्हणाले की खाऊ नका म्हणजे वाईट आहे असं कुठे लिहिलंय, कदाचित त्यांना सोडा, त्यांची कामं त्यांना करू द्या असंही असेल. मला हे फार पटलं. मेलेलं खाऊन रान साफ ठेवायचं काम ज्याला नेमून दिलंय त्याला माणसाने मारून खायचं कशाला?

आता नाश्त्याचं पटकन सांगते. पोहे गार, चहा चांगला. जेवण पिठलं भाकरी ठेचा, उत्तम, पोटभर. बायकांसाठी टॉयलेटची सोय मात्र कोणीच बघितली नव्हती, ते आधी सांगायला हवं होतं. दुर्बिणी 22 माणसांत तीन. आणि एक गोष्ट मला खूप खटकली, नाश्त्यानंतर कोणीतरी ब्लूटूथ स्पीकर काढून मोठ्याने गीत लावलं, ऐन कड्यासमोर, आणि हे दिवस त्यांचे घरट्यातले आहेत, जोडी वर्षाला एकच अंडं घालते, ते गेलं तर ते वर्षच गेलं. दादाने पळत येऊन बंद करायला लावलं तेव्हा बंद झालं. देवाच्या निर्मितीला बघायला आलोय आणि तिच्याच कानाशी गोंगाट करतोय. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात तर साधं झाडावरचं घरटं दिसलं तरी आईला पिल्लांसकट उचलू नको म्हणून आज्ञा आहे. एक स्टार ह्यासाठी कापलाय, आयोजकांना तोंडावर सांगितलंय, त्यांनी ऐकूनही घेतलं.

दुपारी सावलीत बसून ईयोब, 38 ते 41. माझ्यासाठी सगळी सहल म्हणजे हे दोन तास. खरं सांगायचं तर हे अध्याय मला कधीच आवडत नव्हते. आई आजारी होती तेव्हा मी ते रात्री दवाखान्यात बसून वाचले होते आणि मला राग आला होता. ईयोबाची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोडं, मित्र डोकं खातायत, तो विचारतोय का, माझ्याच बाबतीत का, आणि शेवटी देव वावटळीतून बोलतो तर काय बोलतो, डोंगरातल्या रानशेळ्या कधी वितात तुला माहीत आहे का? रानगाढवाला मोकळं कुणी सोडलं? मला वाटायचं हे उत्तर नाही, हे विषय बदलणं आहे.

काकांनी वाचताना एकच सांगितलं, प्रत्येक जीव आला की स्वतःला विचारा, हा माणसाच्या काय उपयोगाचा. सिंह, नाही. कावळ्याची भुकेली पिल्लं, नाही. रानशेळी, नाही. रानगाढव तर गावच्या गोंगाटाला हसतं, हाकणाऱ्याचं ऐकत नाही. रानबैल नांगराला जुंपून घेत नाही. शहामृग अंडी जमिनीवर टाकते आणि विसरते, तिला देवाने अक्कल दिली नाही असं तिथेच लिहिलंय, पण ती पळायला लागली की घोड्याला आणि स्वाराला हसते. अख्ख्या 39 व्या अध्यायात माणसाच्या कामाचा एकच प्राणी आहे, लढाईचा घोडा. बाकी सगळे आपल्याला काहीच देत नाहीत. आणि देव त्यांच्याबद्दल कसा बोलतो ते बघा, जसं एखादा बाप आपल्या पोरांच्या एकेक खोड्या सांगत बसतो तसा. त्याच्या आधी 38 मध्ये तर पावसाबद्दल म्हणतो की जिथे माणूस राहत नाही त्या ओसाड रानातही मी पाऊस पाडतो. कोणासाठी? तिथल्या कोवळ्या गवतासाठी.

आणि 39 व्या अध्यायाच्या शेवटी परत नेशेर. तुझ्या आज्ञेने का तो वर चढतो आणि उंचावर घरटं करतो, कड्याच्या सुळक्यावर राहतो, तिथून त्याचे डोळे लांबवरचं भक्ष्य हेरतात, आणि जिथे मेलेले पडलेत तिथे तो असतो. काकांनी हे वाचलं आणि नुसतं समोर बोट केलं. कडा, सुळका, पांढरे ओघळ, सगळं जसंच्या तसं. कोणी काही बोललं नाही.

मला तेव्हा वाटलं, देव विषय बदलत नव्हता. ईयोब राखेत बसला होता, कोणाच्याच कामाचा उरला नव्हता, आणि देव त्याला एकामागून एक असे जीव दाखवत होता जे कोणाच्याच कामाचे नाहीत आणि तरी ज्यांच्या विण्याचे महिनेसुद्धा त्याला ठाऊक आहेत. आईच्या उशाशी बसून मला हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आईला शेवटी शेवटी तेच वाटायचं, मी आता कशाच्या कामाची.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. गरुड 40 वर्षांचा झाला की डोंगरावर जातो, चोच दगडावर आपटून तोडतो, नखं उपटतो, नवी येईपर्यंत पाच महिने बसतो आणि मग आणखी 30 वर्षं जगतो, ही गोष्ट व्हॉट्सॲपवर सगळ्यांना आलेली आहे, उपदेशांत पण ऐकलेली आहे, आणि मी ती मुलांना 103 व्या स्तोत्राच्या वेळी किमान पाच-सहा बॅचेसना शिकवलेली आहे. ती खोटी आहे. दादाने सरळ सांगितलं, चोच तुटली तर पाखरू उपाशी मरेल, पाच महिने कोण भरवणार? चोच झिजते आणि वाढते, नखांसारखी. पिसं मात्र खरंच बदलतात, एकेक जुनं गळतं आणि त्या जागी नवं येतं, हळूहळू, उडता येईल एवढी कायम शाबूत ठेवून. काका म्हणाले त्या स्तोत्रात तारुण्य गरुडासारखं नवं होतं असं म्हटलंय त्यामागे बहुतेक हेच पिसं बदलणं असावं. मला तर ते जास्त सुंदर वाटलं, स्वतःला दगडावर आपटून घ्यायची काही गरज नाही, देणारा एकेक पीस देत राहतो. पुढच्या रविवारी मी वर्गात उभं राहून सांगितलं की टीचरने तुम्हाला चुकीचं शिकवलं होतं.

गिधाडं कमी का झाली हा भाग दादाने सांगितला, आणि तो ऐकायला जड होता. 1990 च्या दशकात ती पटापट मरायला लागली, 1992 ते 2007 मध्ये देशातली पांढऱ्या पाठीची 99.9 टक्के गेली, लांब चोचीची पण जवळपास तशीच. कारण सापडलं ते 2004 मध्ये जाहीर झालं, डायक्लोफिनॅक, गुरांना सूज आणि दुखण्यावर द्यायचं औषध. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. 2006 ला गुरांसाठी त्यावर बंदी आली, 2015 ला माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या बंद केल्या कारण त्याच गोठ्यात वापरल्या जात होत्या, 2023 ला आणखी दोन औषधं गुरांसाठी बंद झाली, केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक. आपल्याच जिल्ह्यात हरसूलकडे खोरीपाड्याला गिधाडांना खायला मेलेली गुरं ठेवायची खास जागा केलेली आहे, हेही मला आत्ताच कळलं.

माझं माहेर सिन्नर तालुक्यातलं. लहानपणी ढोर मेलं की गावाबाहेर माळावर टाकायचे आणि तासाभरात आकाशातून कुठून कुठून ती उतरायची, आम्ही पोरं लांब बांधावर उभी राहून बघायचो, घाण वाटायची आणि तरी बघायचो. मग कधीतरी ती यायची बंद झाली आणि कुत्री यायला लागली, आणि कोणीच म्हटलं नाही की अरे, ती कुठे गेली. सहलीवरून घरी आल्यावर मी अण्णांना फोन केला, आपल्या पवळ्याला शेवटी इंजेक्शन दिलं होतं का विचारलं. अण्णा म्हणाले, "दिलं होतं की, पाय सुजला होता त्याचा, उभा राहीना. दोन दिवस बरा वाटला बघ." मग थोडं थांबून म्हणाले, "का गं?" मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. अण्णांचा काही दोष नाही, बैलाचं दुखणं त्यांना बघवत नव्हतं म्हणूनच दिलं होतं.

अजून एक राहिलं. आम्ही बसलो होतो तिथून वर देवदर्शनाला जाणारी माणसं जात होती, नऊवारीतल्या एक आजी दम खायला आमच्याजवळ टेकल्या, काय बघताय पोरींनो म्हणून विचारलं. मी दुर्बीण दिली, गिधाड आहे आजी म्हटलं. त्यांनी बघितलं, दुर्बीण परत दिली आणि आकाशाकडे हात जोडले, "जटायू गं बाई." मग म्हणाल्या आमच्याकडे टाकेदला त्याचं ठाणं आहे, सीतामाईसाठी लढला तो, रामाने मांडीवर घेतलं त्याला. मी त्यांना आमच्या पुस्तकातला पंखांवर उचलून आणल्याचा भाग सांगितला, त्या मान हलवत राहिल्या, म्हणाल्या खरंय, मोठं पाखरू आहे. आणि काठी टेकत वर निघाल्या.

सहलीसोबत 16 पानी पुस्तिका मिळते, झेरॉक्सच आहे, वचनांचे आकडे दोन ठिकाणी चुकलेत, लिव्याथानाचं, म्हणजे ईयोबातल्या त्या अजस्र जलचराचं, पान माझ्या प्रतीत नव्हतंच. पण चिमण्यांचं पान जपून ठेवण्यासारखं आहे. मत्तयात दोन चिमण्या एका दमडीला आहेत, लूकमध्ये पाच चिमण्या दोन दमड्यांना, म्हणजे हिशोबाने पाचवी फुकट, वर घातलेली, आणि नेमकं तिथेच लिहिलंय की त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. भाजीवालीकडे वर घातलेली कोथिंबीर घेताना मला आता हमखास ती पाचवी चिमणी आठवते.

कोणी जावं : ज्यांना शांत बसता येतं त्यांनी. सहा वर्षांखालच्या मुलांना नको, कंटाळतील. भडक रंगाचे कपडे नको, टोपी, दोन लिटर पाणी आणि स्वतःचं पवित्र शास्त्र न्या, मोबाईलवर रेंज येत-जात होती. दुर्बीण असेल तर नक्की न्या. आणि सुरुवातीला बराच वेळ काही दिसलं नाही तर उठून जाऊ नका. पुढची सहल नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात आहे असं काका म्हणाले, तिथे यिर्मयाचा आठवा अध्याय वाचणार, आकाशातल्या करकोच्याला आपला नेमलेला काळ कळतो तो. मी माझ्या वर्गातल्या दोघांची नावं माझ्यासोबत देऊन टाकली आहेत, आणि गाडी वेळेवर सोडा असं फॉर्मवरच लिहिलंय.